प्रश्न तुमचे : ‘रेफरन्सेस फॉरमॅटमध्ये नाहीत’

मागच्या अंकात पेपरचा सारांश कसा लिहावा यावर उत्तरं दिली होती. त्यानंतर आलेल्या टपालात (ई-मेललाही मी टपालच म्हणते) निम्म्याहून अधिक पत्रं संदर्भसूचीच्या तक्रारींची निघाली. नोकरीची सगळी वर्षं मी एका विज्ञान नियतकालिकात कॉपी एडिटर होते. हस्तलिखित हातात आलं की आम्ही शेवटची पानं आधी उघडायचो. संदर्भ धड असले की बाकीचा पेपरही बहुधा धड असायचा. तेव्हा हा अंक संदर्भांनाच देऊन टाकते.

प्रश्न : मॅडम, मी बायोटेक्नॉलॉजीत पीएच.डी. करते आहे. पहिलाच पेपर. जर्नलला पाठवला तर रिव्ह्यूला जायच्या आतच परत आला. कारण एका ओळीचं : रेफरन्सेस आमच्या शैलीत नाहीत. मी आधी दुसऱ्या जर्नलसाठी नाव-वर्ष पद्धतीने लिहिले होते, यांना आकडे हवेत. ८६ संदर्भ आहेत, सगळे हाताने टाइप केलेले. कुठून सुरुवात करू?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : पेपर नाकारलेला नाही, फाटकावरून परत पाठवलाय. फाटकावरच्या माणसाने तुमचं विज्ञान वाचलेलंही नसतं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

शैली हजारोंनी असल्या तरी घराणी मुख्यतः दोनच. एक नाव-वर्षाचं : मजकुरात कंसात आडनाव आणि साल, शेवटची यादी आडनावांच्या वर्णक्रमाने. हिला हार्वर्ड पद्धत म्हणतात, कारण तिथले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीच्या अंड्यांवरच्या एका लांबलचक निबंधात असा कंस वापरला. दुसरं घराणं आकड्यांचं : मजकुरात जो संदर्भ पहिला येईल तो १, त्यानंतरचा २, आणि यादीही त्याच क्रमाने. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडात व्हँकुव्हरला जमले. प्रत्येकाने आपला वेगळा हट्ट चालवण्यापेक्षा नियम एकच असावेत असं त्यांनी ठरवलं, म्हणून ही व्हँकुव्हर पद्धत. हट्ट संपले असं नाही, पण निदान एका छपराखाली आले.

फरक नेमका कुठे पडतो ते एका ओळखीच्या लेखावर बघा. रामन आणि कृष्णन यांचा १९२८ सालचा ‘नेचर’मधला लेख घेऊ. मासिकात मला देवनागरीतच छापायचंय, तुम्ही अक्षरांपेक्षा खुणांकडे लक्ष द्या. नाव-वर्ष पद्धतीत साधारण असं होईल :

रामन, सी. व्ही., आणि कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१, ५०१–५०२.

तोच व्हँकुव्हरमध्ये :

१. रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१:५०१-२.

आद्याक्षरांमधली टिंबं गेली, ‘आणि’ गेलं, साल मागे सरकलं, साल आणि खंडाच्या मध्ये अर्धविराम आला, त्यानंतरची मोकळी जागासुद्धा गेली, आणि शेवटचं पान ५०२ चं नुसतं २ झालं. माहिती तीच आहे. या सहा जागा पाहायची सवय लागली की कोणतंही नवं जर्नल अर्ध्या तासात कळतं.

आता तुमचे ८६. हातानेच बदलायचे असतील तर यादीपासून सुरुवात करू नका, मजकुरापासून करा. प्रिंट काढा, पहिल्या पानापासून निघा, जो संदर्भ पहिल्यांदा भेटेल त्याला पेन्सिलीने नंबर द्या. पुन्हा भेटला तर जुनाच नंबर. शेवटी पोहोचलात की दोन गोष्टी हमखास दिसतील : यादीत असलेले पण मजकुरात कुठेच नसलेले काही अनाथ, आणि मजकुरात असून यादीत नसलेले काही बेपत्ता. त्यांचा निकाल लावल्याशिवाय यादीला हात लावू नका. तक्ते आणि आकृत्यांच्या मथळ्यांतले संदर्भही या फेरीत धरायचे. त्यांचा नंबर तक्त्याचा उल्लेख मजकुरात पहिल्यांदा जिथे होतो त्या जागेवरून ठरतो. इथे निम्मे लोक चुकतात.

जर्नलला आकडे अक्षराच्या डोक्यावर हवे असतील तर एककांपाशी जपा. ‘पानाचं क्षेत्रफळ १२ सेमी’ असं लिहून लगेच वर २ चढवलात तर तो दुसरा संदर्भ की चौरस सेंटिमीटर? वाक्याची रचना बदला आणि संदर्भ लेखकाच्या नावापाशी किंवा क्रियापदापाशी न्या.

आणि नुसत्या ‘लेखकांसाठी सूचना’ वाचून भागत नाही. त्या पानावरचे नमुने कधी कधी जुने असतात. जर्नलच्या अगदी ताज्या अंकातला तुमच्याच प्रकारचा एक पेपर उतरवून घ्या आणि त्याची यादी शेजारी ठेवून काम करा. सूचना आणि छापील पेपर यांत तफावत दिसली तर मी तरी छापील पेपरच्या बाजूने जाते.

यापुढे पेपर पाठवण्याआधी जर्नलचं पहिल्या सादरीकरणाचं धोरण पाहून घ्या. बऱ्याच प्रकाशकांकडे आता पहिल्या फेरीला कोणतीही शैली चालते, फक्त ती सगळीकडे एकसारखी हवी. पेपर स्वीकारला गेला की मग त्यांच्या शैलीत आणायची. तुमच्या जर्नलला ते मान्य नव्हतं, दुसऱ्याला असेल.

प्रश्न : बाई, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांच्या पेपरांत कुकच्या ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’चं साल कुणी १९०१ देतं, कुणी १९०३, कुणी १९०८, तर कुणी १९५८. बरोबर कोणतं? आणि वनस्पतीच्या नावापुढे लेखकाचं नाव येतं, तोही संदर्भ धरून यादीत द्यायचा का?
– प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : सर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला. संपूर्ण ग्रंथाचा हवाला द्यायचा असेल तर १९०१–१९०८ हेच साल. १९५८ हे बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाने काढलेल्या पुनर्मुद्रणाचं.

पण खरी गोची सालात नाही, पानांत आहे. मूळ ग्रंथ दोन खंडांचा, पुनर्मुद्रण तीन खंडांचं. तुमच्या विभागाच्या कपाटात पुनर्मुद्रण असणार, विद्यार्थी खंड आणि पान त्यातूनच घेणार आणि साल मात्र भारदस्त वाटतं म्हणून मूळ आवृत्तीचं टाकणार. मग मूळ आवृत्ती उघडणाऱ्याला त्या पानावर भलतंच कूळ सापडतं. जी प्रत हातात धरून वाचली तिचाच तपशील द्यायचा आणि मूळ साल सोबत नोंदवायचं : कुक टी., १९५८ (मूळ १९०१–१९०८), मग खंड, पान, आणि पुनर्मुद्रण कोणाचं ते. बहुतेक जर्नलांना हे चालतं. वर्गीकरणाच्या पेपरात, म्हणजे नावाच्या प्रथम प्रसिद्धीचा प्रश्न असेल तिथे, मूळ आवृत्तीच पाहावी लागते, आणि जुने ग्रंथ आता स्कॅन होऊन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीसारख्या ठिकाणी उपलब्ध असल्याने ‘मिळत नाही’ ही सबब फारशी उरलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. मँगिफेरा इंडिका एल. यातला ‘एल.’ म्हणजे लिनियस, आणि तो आंब्याच्या शास्त्रीय नावाचा भाग आहे. त्यासाठी यादीत लिनियस १७५३ घालायची गरज नाही. मात्र काही वर्गीकरणविषयक जर्नलं हे स्पष्टपणे मागतात, विशेषतः प्राण्यांच्या बाबतीत. तिथे त्यांचं ऐकावं.

प्रश्न : माझे गाइड म्हणतात सॉफ्टवेअरने संदर्भ बिघडतात, हाताने लिही. लॅबमधले सगळे झोटेरो वापरतात. कोणाचं ऐकू?
– संशोधक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं. झोटेरो २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि पन्नासाहून जास्त संदर्भ असले की त्याला किंवा तशा एखाद्या साधनाला पर्याय नाही. मेंडली वापरा, एंडनोट वापरा, लेटेक या मांडणीच्या प्रणालीत लिहीत असाल तर तिच्या जोडीचं बिबटेक वापरा. तत्त्व तेच : माहिती एकदा भरायची, शैली हवी तेव्हा बदलायची. जर्नल बदललं की ८६ संदर्भ पुन्हा टाइप करायची वेळ येत नाही, वरच्या नांदेडच्या पत्रात आली तशी.

पण गाइड सांगताहेत तेही खोटं नाही. सॉफ्टवेअर स्वतः काही बिघडवत नाही, जे भरलंय तेच बाहेर काढतं. ब्राउजरमधल्या बटणाने लेख आत घेतला की माहिती प्रकाशकाच्या किंवा गूगल स्कॉलरच्या पानावरून येते, आणि ती तिथेच गबाळी असते. शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत, लेखकाचं नाव आणि आडनाव उलटं, अंकाचा क्रमांक गायब. सगळ्यात मजेशीर अपघात संस्थांच्या नावांचा. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च हे नाव माणसाच्या रकान्यात गेलं की यादीत लेखक म्हणून ‘रिसर्च, आय. सी. एम.’ अवतरतात. हे गृहस्थ माझ्या टेबलावर नियमित यायचे. झोटेरोत नावाशेजारी एकच रकाना करायचं बारीक बटण असतं, ते दाबलं की संस्था अखंड राहते. बिबटेकमध्ये दुहेरी महिरपी कंस घाला.

बिबटेकवाल्यांसाठी आणखी एक. बऱ्याच शैलींमध्ये तो शीर्षकातली मोठी अक्षरं स्वतःहून लहान करतो. डीएनए, जीवाची नावं, शहरांची नावं महिरपी कंसात ठेवा, नाहीतर सगळं सपाट होईल. झोटेरोत उलटं करा : शीर्षकं वाक्याच्या पद्धतीने, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामंच मोठी, अशी साठवा. त्यातून प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होणारी शैली यंत्र करू शकतं, उलट दिशेने नाही. शीर्षकावर उजवी क्लिक केली की हा बदल मिळतो.

लेख आत घ्यायला बटणापेक्षा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, बरा. जादूच्या कांडीचं चिन्ह दाबून डीओआय टाकला की माहिती नोंदणी संस्थेकडून येते, आणि ती बहुधा जास्त स्वच्छ असते. तरीही प्रत्येक नोंद एकदा पीडीएफच्या पहिल्या पानाशी ताडून बघा. ते काम मशीनवर सोपवू नका.

पाठवण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत संदर्भांचे दुवे सोडवून साधा मजकूर करा. झोटेरोत त्याला ‘अनलिंक सायटेशन्स’ म्हणतात. जिवंत दुवे असलेली प्रत स्वतःकडेच ठेवा, कारण दुरुस्त्या येणार आहेत. आणि गाइडनी वर्डमध्ये हाताने एखादा संदर्भ ‘सुधारला’ असेल तर पुढच्या रिफ्रेशला तो पुसला जातो, हे त्यांना प्रेमाने सांगा. सॉफ्टवेअरवरचा त्यांचा राग बहुधा इथूनच सुरू झालेला असतो.

प्रश्न : लग्नाआधीचे माझे तीन पेपर माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. स्वतःचे संदर्भ देताना सगळीकडे आताचं नाव लिहिलं तर चालेल का? माझे एक सहलेखक तमिळ आहेत, त्यांच्या नावाची तर दर पेपरात वेगळी तऱ्हा.
– समुद्रविज्ञानातील संशोधिका, पणजी

उत्तर : नाही चालणार. संदर्भात नाव त्या पेपरावर जसं छापलंय तसंच जातं. तुम्ही ‘सुधारलेलं’ नाव घेऊन कुणी शोधायला गेलं तर त्याला पेपर सापडणार नाही. दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सांगायला २०१२ पासून ऑर्किड आहे. सोळा अंकी क्रमांक, नोंदणी फुकट, आणि जुने पेपरही त्याखाली आणता येतात. यापुढे जे नाव वापरणार असाल ते आजच ठरवा, मधल्या आद्याक्षरासकट, आणि त्यापासून हलू नका.

तमिळ नावांत आडनाव बहुधा नसतंच, पुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. रामन यांचंच घ्या. ‘सी.’ वडिलांच्या चंद्रशेखर या नावातून आलं, स्वतःचं नाव व्यंकटरामन, ते फुटून ‘व्ही.’ आणि रामन झालं, आणि जगाने रामनना आडनाव समजून घेतलं. तुमच्या सहलेखकांना विचारा की यादीत मुख्य नाव म्हणून काय यावं, आणि तेच धरा. जुन्या पेपरांचा संदर्भ देताना मात्र तिथे छापलंय तेच.

गोव्यातली डिसोझा आणि दा कोस्टा मंडळी वर्णक्रमात कुठे बसतात हे जर्नलागणिक बदलतं. आपल्याकडे त्याहून मोठा ताप पाटील-कुलकर्णी-जाधवांचा. एकाच साली दोन वेगळे कुलकर्णी पहिले लेखक असतील तर मजकुरात आद्याक्षर जोडा. तेच कुलकर्णी, तोच लेखकसंच आणि तेच साल असेल तरच २०१८ए, २०१८बी. दोन वेगळ्या कुलकर्ण्यांना ए आणि बी देणं म्हणजे त्यांना एकच माणूस करणं.

प्रश्न : ज्वारीच्या जुन्या वाणांवर इंग्रजीत पेपर लिहितोय. माझे काही आधार मराठीत आहेत : एक जुनं पुस्तक ज्यावर शके १८१५ छापलंय, एका दिवाळी अंकातला लेख, आणि दोन शेतकऱ्यांनी सांगितलेली माहिती. हे संदर्भात येतात की नाही?
– कृषी संशोधक, राहुरी

उत्तर : पहिले दोन नक्की येतात, आणि ते आणायची हिंमत केल्याबद्दल अभिनंदन. लोक मराठी स्रोत वापरतात आणि यादीतून लपवतात.

शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतरित करा, त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी भाषांतर, आणि शेवटी भाषा मराठी असल्याची नोंद. व्हँकुव्हर घराण्यात लिप्यंतर वगळून फक्त कंसातलं भाषांतरच देण्याची रीत आहे. पण नुसतं भाषांतर दिलं तर मराठी वाचकाला ते पुस्तक ग्रंथालयात मागता येणार नाही, म्हणून संपादक चालवून घेत असतील तर मी दोन्ही ठेवायला सांगते. लिप्यंतरासाठी आयएसओ १५९१९ हे प्रमाण २००१ पासून आहे. त्यात ‘श’ डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या एस अक्षराने लिहितात. ते जमत नसेल तर साधं एस-एच चालेल, पण एका यादीत दोन्ही नकोत.

शके १८१५ मध्ये ७८ मिळवा : १८९३. शक वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पुस्तक जानेवारी ते मार्चच्या सुमारास निघालं असेल तर १८९४. महिना छापलेला नसेल तर १८९३–९४ लिहा आणि कंसात मूळ शकही ठेवा. दिवाळी अंकाला बहुधा खंड-क्रमांक नसतो. तिथे ‘दिवाळी अंक’ आणि साल लिहायचं आणि पानं द्यायची. खंडाच्या जागी आपल्या मनाने १ टाकू नका.

शेतकऱ्यांची माहिती यादीत जात नाही. ती वैयक्तिक संवाद म्हणून मजकुरातच कंसात येते : नाव, गाव, तारीख. त्याआधी त्यांची लेखी संमती घ्या. बऱ्याच जर्नलांचा तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी घ्यायला हवी. मुलाखती पद्धतशीर घेतल्या असतील, प्रश्नावली असेल, तर तो तुमचा विदा, म्हणजे डेटा, झाला. मग त्याची जागा ‘पद्धती’ विभागात.

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी चॅटजीपीटीला विषय सांगितला, त्याने दहा संदर्भ अगदी जर्नलच्या फॉरमॅटमध्ये दिले. सरांना त्यातले काही सापडत नाहीत. लेखक खरे आहेत, जर्नल खरं आहे. मग पेपर का सापडत नाही?
– विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : कारण तो पेपर कुणी लिहिलेलाच नाही. असं यंत्र संदर्भ शोधून आणत नाही, संदर्भ कसा दिसतो ते त्याला माहीत असतं आणि तसा दिसणारा एक ते रचून देतं. खरे लेखक, खरं जर्नल, पटण्यासारखं शीर्षक, खंड आणि पानंसुद्धा. फॉरमॅट अचूक असतो, आणि नेमका तोच फसवतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी असेच रचलेले खटले दाखले म्हणून दिले. न्यायाधीशांनी त्यांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला. तुला दंड होणार नाही, पण मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक लेख दाखव म्हटलं तर काय करशील?

आता दहाही संदर्भ एकेक करून तपास. डीओआय दिला असेल तर डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाक. पान उघडलंच नाही किंवा भलत्याच लेखाचं उघडलं तर संदर्भ बाद. डीओआय नसेल तर क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर शीर्षक टाकून शोध, वैद्यकीय-जैविक विषय असेल तर पबमेडवर. जुने भारतीय लेख तिथे नसतीलही, म्हणून तेवढ्यावरून निकाल लावू नकोस : जर्नलच्या स्वतःच्या संग्रहात त्या खंडाची अनुक्रमणिका उघड आणि ते पान बघ. थेट शोधगंगेवर जा जर संदर्भ भारतीय प्रबंधाचा असेल. आणि जो सापडेल तो वाच. निदान सारांश, पद्धती, आणि तू ज्या आकड्यासाठी तो देते आहेस तो तक्ता.

यंत्रं येण्यापूर्वीही हे होत नव्हतं असं समजू नकोस. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या सूचनांत नमुना म्हणून एक संदर्भ दिलेला असे : व्हॅन डर गीअर आणि इतर, ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, साल २०००. असं जर्नल नाही, असा लेख नाही. फक्त टिंब कुठे आणि स्वल्पविराम कुठे हे दाखवायला तो रचला होता. संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली या भुताची कहाणी लिहिली तेव्हा वेब ऑफ सायन्स या हवाल्यांच्या सूचीमध्ये जवळजवळ ४०० पेपरांनी त्याचा हवाला दिलेला होता. त्यातले बरेचसे परिषदांचे पेपर. म्हणजे लोकांनी टेम्प्लेट उघडलं, त्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याचा संदर्भ पुसायचा राहून गेला. लेखकांच्या, परीक्षकांच्या, संपादकांच्या नजरेखालून तो गेला. फॉरमॅटमध्ये खोट काढायला जागाच नव्हती ना!

दुसरी गोष्ट मला त्याहून बोचते. सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये १९७३ सालच्या एका गाजलेल्या भौतिकशास्त्रीय लेखाचे हवाले तपासले. ४,३०० हवाल्यांपैकी १९६ मध्ये खंड, पान किंवा साल चुकलेलं होतं. पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाची एकच विशिष्ट चूक ७८ वेळा आली होती. ७८ जणांची बोटं स्वतंत्रपणे एकाच चुकीच्या कळीवर पडली असतील का? एकाने चूक केली, बाकीच्यांनी त्याच्या यादीतून उचलली. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की हवाला देणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच मूळ लेख वाचतो. या गणितावर वाद घालता येईल, कारण यादी उतरवणाऱ्याने लेख वाचलेलाही असू शकतो. पण टेबलावर वर्षानुवर्षं आलेल्या याद्या आठवल्या की मला तो आकडा फार खोटा वाटत नाही.

यंत्राकडून शोधासाठी शब्द सुचवून घे, मसुद्याचं इंग्रजी तपासून घे, जर्नलचा नियम असेल तिथे तसा उल्लेख कर. वैद्यकीय संपादकांची व्हँकुव्हरवाली समितीही आता सांगते की यंत्राला लेखक करता येत नाही आणि त्याने तयार केलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून देता येत नाही.

थोडक्यात विचारलेल्यांना थोडक्यात. ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) यात टिंब ‘अल’नंतर, ‘एट’नंतर नाही. तिरपं करायचं की नाही हे जर्नल ठरवतं. लेखक किती झाले की ‘एट अल.’ लावायचं तेही : व्हँकुव्हरच्या नमुन्यात सहा नावं देऊन पुढे, ‘नेचर’मध्ये पाचाहून जास्त असतील तर पहिल्याच नावानंतर, एपीए या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीत यादीत वीस लेखकांपर्यंत सगळे. जर्नलचं नाव आपल्या मनाने तोडू नका. त्याची आयएसओ ४ ही पद्धत आहे आणि शब्दांची अधिकृत यादी पॅरिसचं आयएसएसएन केंद्र सांभाळतं. ‘करंट सायन्स’चं ‘कर. साय.’ होतं (रोमनमध्ये चार अक्षरं आणि तीन), पण ‘नेचर’, ‘सायन्स’, ‘सेल’ अशी एकशब्दी नावं तुटत नाहीत. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन ठेवलेला पेपर, द्यायचा असेल तर प्रीप्रिंट म्हणूनच द्या, आणि तो मधल्या काळात जर्नलमध्ये छापून आलाय का हे पाठवायच्या दिवशी पुन्हा बघा. मागे घेतलेला लेख आधार म्हणून देऊ नका. लस आणि ऑटिझमवरचा १९९८ सालचा ‘लॅन्सेट’मधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याची चर्चाच करायची असेल तर ‘मागे घेतलेला’ असं संदर्भात लिहून. असे लेख यादीत आले तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, ती बंद करू नका.

प्रश्न : जर्नलची मर्यादा ४० संदर्भांची आहे, माझ्याकडे ६३ आहेत. त्यात एका रिव्ह्यूअरने आणखी पाच लेख सुचवलेत, पाचही एकाच गटाचे. काय कापू, काय घेऊ?
– सहायक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य काढा. ‘या विषयावर अनेकांनी काम केले आहे’ असं काहीसं असेल आणि त्यापुढे आठ-नऊ आकड्यांची माळ. तिथे एक चांगला आढावा लेख ठेवा आणि बाकी काढा. पाठ्यपुस्तकात असलेल्या गोष्टींना संदर्भ लागत नाही. मग ‘चर्चा’ विभागात या : एकाच मुद्द्याला तीन संदर्भ असतील तर पहिला शोध लावणारा आणि तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा असे दोन ठेवा. तुमच्या स्वतःच्या आणि तुमच्या गाइडच्या पेपरांकडे शेवटी बघा, पण बघाच. पद्धत आधीच्या पेपरात वर्णिली असेल तर तो संदर्भ हवा. नुसते विषयाच्या शेजारचे असतील तर गेले तरी वाचकाचं काही अडत नाही. पद्धतीचे संदर्भ मात्र कापू नका, कारण तुमचा प्रयोग दुसऱ्याला करून बघायचा असेल तर तेच लागतात. पूरक फाइल जोडता येत असेल तर तिच्यातले संदर्भ बहुधा या मर्यादेत धरत नाहीत, सूचनांत पाहून घ्या.

रिव्ह्यूअरचे पाच लेख आधी वाचा. त्यात खरोखर राहून गेलेलं काम असेल तर तुमचाच फायदा. पण नुसती आपल्या हवाल्यांची संख्या वाढवायला परीक्षकाने लेख सुचवू नयेत असं प्रकाशन-नीतीची समिती, म्हणजे कोप, स्पष्ट सांगते, आणि संपादकांना ते माहीत असतं. उत्तराच्या पत्रात लिहा : ‘सुचवलेल्या पाच लेखांपैकी दोन आमच्या पद्धतीशी थेट संबंधित असल्याने समाविष्ट केले आहेत. उरलेले तीन वेगळ्या पिकावरचे असल्याने घेतलेले नाहीत.’ एवढं पुरतं. तरीही आग्रह झाला तर वेगळं पत्र संपादकांना लिहा. त्यात गटाचं नाव घेऊ नका आणि रिव्ह्यूअर कोण असावा याचा अंदाजही बांधू नका. पाचही लेखांचे डीओआय मात्र द्या, बाकीचं संपादक स्वतः बघतील.